‘खोटं आहे हे तूच सिद्ध कर की!’ युद्धातल्या कटकथा आणि शाबितीचं ओझं

खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलंय: "माझे मामा फौजेतून रिटायर झालेत. मे २०२५ च्या लढाईपासून देवळाच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी तोच विषय. सरकार विमानं पडल्याचं लपवूलंय, नेताजी विमान अपघातात गेलेच नाहीत, मोठ्या लढाया आधीच ठरवून केलेल्या असतात, असं काय काय. मी पुरावा विचारला की मामा म्हणतात, 'खोटं आहे हे तूच सिद्ध कर की!' मग मला काही बोलता येत नाही. पुरावा द्यायचं काम नक्की कुणाचं?"

मी बेळगावच्या कोर्टात चाळीस वर्षं वकिली केली. बहुतेक जमिनीची भांडणं, वाटण्या, थोडं फौजदारी. युद्धशास्त्र मला कळत नाही. पण "तूच सिद्ध कर" हे वाक्य मी हजारदा ऐकलंय आणि, खोटं कशाला बोलू, पक्षकाराची बाजू लंगडी असली की स्वतःही वापरलंय.

आमच्याकडे साक्षीदाराचा जबाब कानडीत लिहितात. उलटतपासणीत वकील सुचवतो, "त्या दिवशी तुम्ही गावातच नव्हता." साक्षीदार नाही म्हणतो आणि जबाबात वाक्य उमटतं, "…एंदरे सरियल्ल." असं म्हणणं बरोबर नाही. महाराष्ट्रातल्या कोर्टात तेच "हे म्हणणे खरे नाही की" असं वाक्याच्या सुरुवातीला येतं. एकेका जबाबात अशी वीस-पंचवीस वाक्यं असतात. नवा पक्षकार नक्कल वाचून खूश होतो, "साहेब, काय पकडलं तुम्ही त्याला!" मी काही पकडलेलं नसतं. मी सुचवलं, त्याने नाकारलं, हिशेब शून्य. वकिलाची सूचना हा पुरावा नसतो, ती कितीही ठसक्यात केलेली असो. तुमच्या कट्ट्यावर जे चालतं त्यातलं बरंचसं या जातीचं आहे. "सरकारने मुद्दाम होऊ दिलं नसेल कशावरून?" एंदरे सरियल्ल. पुढे?

कायदा सरळ आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १०१ सांगत होतं की जो एखादी गोष्ट आहे म्हणतो आणि तिच्या जोरावर निकाल मागतो, त्याने ती शाबीत करायची. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तिथे हेच कलम १०४ आहे. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना जुन्या आकड्यांशिवाय बोलता येत नाही, तेव्हा पुढचे आकडेही जुनेच देतो.

त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती कट्ट्यावर कुणालाच माहीत नसते. आपण समजतो की एखादी गोष्ट एकतर खरी ठरते नाहीतर खोटी. कायदा तीन खण करतो: शाबीत, नाशाबीत आणि शाबीत न झालेलं. नाशाबीत म्हणजे खोटं ठरलेलं. शाबीत न झालेलं म्हणजे इकडचंही नाही, तिकडचंही नाही. लढाईच्या दिवसांत उठणाऱ्या आवया बहुतेक या तिसऱ्या खणात पडतात. "खोटं सिद्ध कर" म्हणताना मामा काय करतात बघ. ते तुला दुसऱ्या खणाची किल्ली शोधायला लावतात, आणि ती तुला सापडली नाही की आपला माल गुपचूप पहिल्या खणात सरकवतात.

याचा फटका मी स्वतः खाल्लाय. नंदगडकडच्या एका भाताच्या शेताचा दावा होता. माझा पक्षकार वादी, म्हणजे दावा लावणारा. समोरच्याचं खरेदीपत्र बनावट आहे असं आमचं म्हणणं, आणि ते मी फोडलं. ज्याच्या नावचा अंगठा होता तो माणूस खरेदीच्या आधीच वारलेला निघाला. मी निकालाच्या दिवशी कुंदा, म्हणजे आमची बेळगावी मिठाई, आणायच्या तयारीत. दावा फेटाळला गेला. न्यायाधीशांनी विचारलं, "त्याचा कागद खोटा, मान्य. तुमचा कागद कुठे?" आमच्याकडे आजोबांपासून वहिवाट असल्याच्या गप्पा होत्या आणि उताऱ्यावर तिसऱ्याच कुणाचं नाव होतं. मालकीच्या दाव्यात वादीने स्वतःच्या हक्काच्या बळावर जिंकायचं असतं, समोरच्याच्या दुबळेपणावर नाही. हे मी कॉलेजात शिकलो होतो, पण त्या दिवशी कळलं.

आता नेताजींचं घे. १८ ऑगस्ट १९४५ ला तैहोकूहून, म्हणजे आजच्या तैपेईहून, उड्डाण करताना जपानी बॉम्बर कोसळलं, नेताजी गंभीर भाजले आणि त्याच रात्री लष्करी इस्पितळात गेले, हे मूळ म्हणणं. ते म्हणणाऱ्यांनी ओझं उचललं का? उचललं. त्याच विमानात असलेले हबीबुर रहमान स्वतः भाजले होते, त्यांनी साक्ष दिली. उपचार करणाऱ्या जपानी डॉक्टरने साक्ष दिली. १९५६ ची शाहनवाज समिती आणि १९७४ ला अहवाल देणारा खोसला आयोग, दोघांनीही अपघात मान्य केला. समितीतले एक सदस्य, नेताजींचे थोरले बंधू सुरेशचंद्र बोस, यांनी मात्र सही न करता वेगळा अहवाल लिहिला. पुढे मुखर्जी आयोगाने २००५ साली उलटा निष्कर्ष काढला की नेताजी आता हयात नाहीत, पण त्या अपघातात गेले नाहीत आणि टोकियोच्या रेंकोजी मंदिरातल्या अस्थी त्यांच्या नाहीत. केंद्र सरकारने तो निष्कर्ष स्वीकारला नाही.

मामा इथे टाळी मागतील. देऊन टाक. समजू या की मुखर्जी आयोगच बरोबर आहे. त्यामुळे अपघाताची कथा तिसऱ्या खणात गेली, एवढंच झालं. ते रशियात होते की फैजाबादचे गुमनामी बाबा म्हणून राहिले, यातलं काही त्यामुळे शाबीत होत नाही. त्याच आयोगाने गुमनामी बाबांच्या बाबतीत ठोस पुरावा नसल्याचं लिहून ठेवलंय. समोरच्याचं खरेदीपत्र फाडलं म्हणून शेत आपल्या नावावर होत नाही.

माझं स्वतःचं मत विचारशील तर अपघातच झाला. तैवान सरकारने त्या दिवशीच्या अपघाताची नोंद नसल्याचं कळवलं, यावर फार भर दिला जातो. पण १९४५ च्या ऑगस्टात ते बेट जपानच्या ताब्यात होतं आणि जपानने शरणागती जाहीर करून तीन दिवस झाले होते. अशा वेळचं दप्तर पुढच्या सरकारच्या हाती जसंच्या तसं यावं ही अपेक्षाच मोठी आहे. आमच्या तालुका कचेरीत शांततेच्या काळातले फेरफार सापडत नाहीत. एका बाजूला नसलेली नोंद आणि दुसऱ्या बाजूला अंगावर भाजल्याचे वण घेऊन बोलणारा माणूस, यात मी माणसाला जास्त वजन देतो. अस्थींची डीएनए चाचणी करा असं नेताजींची कन्या अनिता बोस फाफ कित्येक वर्षं म्हणतायत. ती करावी. तिसऱ्या खणातली वस्तू बाहेर काढायची संधी असेल तर सोडू नये.

आता मामांचा खरा मुद्दा. तो मला वकील म्हणूनही तगडा वाटतो. ते म्हणतील, "सगळे कागद सरकारजवळ. आम्ही पुरावा आणायचा कुठून?"

याला कायद्यात आधार आहे. कलम १०६ म्हणतं की एखादी गोष्ट खास एखाद्याच्याच माहितीतली असेल तर ती शाबीत करायचा भार त्याच्यावर. कायद्यातलंच उदाहरण आहे, रेल्वेत विनातिकीट प्रवासाचा आरोप असेल तर तिकीट होतं हे प्रवाशाने दाखवायचं. लोंढ्याला उतरलेल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन टीसी तिकीट शोधणार नाही. शिवाय कलम ११४ खाली, हातातला पुरावा जो दडवतो त्याच्याविरुद्ध कोर्ट अनुमान काढू शकतं. मग झालं की! सरकार गप्प म्हणजे सरकार दोषी?

इथे दोन खिळे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये शंभुनाथ मेहरा खटल्यात सांगून ठेवलंय की कलम १०६ मुळे आरोप करणाऱ्याचं मूळ ओझं उतरत नाही. गाडीत प्रवासी होता एवढं तरी आधी रेल्वेने दाखवायला हवं. आणि कलम ११४ मधलं अनुमान कोर्ट "काढू शकतं", काढलंच पाहिजे असं नाही. कागद न दाखवायला दुसरं सबळ कारण असेल तर अनुमान निघत नाही. लढाई चालू असताना आपलं किती नुकसान झालं हे शत्रूला न सांगणं, याहून सबळ कारण कुठलं? गप्प बसणं खऱ्यालाही लागतं आणि खोट्यालाही.

मे २०२५ मध्ये हे डोळ्यांसमोर घडलं. ७ मे च्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं, १० तारखेला गोळीबार थांबला. पाकिस्तानने आधी पाच आणि मग सहा विमानं पाडल्याचा दावा केला. ११ मे ला पत्रकारांनी विचारलं तेव्हा एअर मार्शल ए. के. भारती एवढंच म्हणाले की नुकसान हा लढाईचा भाग असतो. ३१ मे ला सिंगापूरमध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी विमानं गमावल्याचं मान्य केलं, आकडा दिला नाही, आणि सहाचा दावा साफ चूक असल्याचं सांगितलं. तुमच्या कट्ट्यावर यातून दोन पार्ट्या पडल्या असतील. एक म्हणणार, "बघ, लपवलंच होतं, म्हणजे सहाच." दुसरी म्हणणार, "बघ, सहाचा आकडा खोटा, म्हणजे काहीच पडलं नाही." दोन्ही घसरल्या. कबुली जेवढी दिली तेवढीच धरायची. "काही" मान्य केलं, तर "काही" शाबीत. "सहा" म्हणणाऱ्याने सहा अवशेष दाखवावेत. त्याच आठवड्यात आपल्याकडच्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचं रात्रभर ओरडून सांगितलं होतं, आणि मोबाईलवर व्हिडिओ गेममधली दृश्यं लढाई म्हणून फिरत होती. तेव्हा पुरावा मागणाऱ्याला देशद्रोही म्हणायची टूम होती. कंडी आपल्या बाजूची असली की ती कंडी वाटत नाही.

म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगतो. ओझं "जो बोलतो त्याचं" म्हटलं की सरकारही त्यात आलं. सरकार काही मागत असेल, युद्धाला परवानगी, पैसा, पोरांचे जीव, तर ते वादी आहे आणि वादीने शाबीत करायचं.

४ ऑगस्ट १९६४ चा, व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातातला प्रसंग बघ. दोन दिवसांपूर्वी उत्तर व्हिएतनामच्या बोटींनी अमेरिकेच्या मॅडॉक्स या युद्धनौकेवर हल्ला केला होता, तो खराच होता. ४ तारखेच्या रात्री पुन्हा हल्ला झाल्याची बातमी आली. त्या जहाजांवरचे अधिकारी कॅप्टन हेरिक यांनी काही तासांतच तार केली की खराब हवामानात रडारने आणि सोनार, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणारं यंत्र, चालवणाऱ्या उतावळ्या लोकांनी घोटाळा केला असावा, नीट तपासा. तपासलं नाही. ७ तारखेला अमेरिकेच्या संसदेत लष्करी कारवाईला परवानगी देणारा ठराव आला. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. वादीचा पुरावा कुणी बघितलाच नाही आणि डिक्री, म्हणजे निकालाचा हुकूम, देऊन टाकली. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता हे अमेरिकेच्याच टेहळणी संस्थेच्या इतिहासकाराने लिहिलं, आणि ते कागद २००५ मध्ये खुले झाले. इराकच्या वेळी, २००३ ला, तर अमेरिकावाले प्रतिवादीलाच म्हणाले की महासंहारक शस्त्रं नाहीत हे तूच दाखव. इराकजवळ पूर्वी अशी शस्त्रं होती आणि हिशेब द्यायचं त्याने कबूल केलं होतं, तेव्हा मागणी अगदीच बिनबुडाची नव्हती. पण युद्धानंतर शोधून शोधून साठे सापडले नाहीत ते नाहीतच.

मामा म्हणतील, "मग मी काय वेगळं सांगूलोय? कट असतात!" असतात ना. ३१ ऑगस्ट १९३९ च्या रात्री जर्मनांनी पोलंडच्या नावावर स्वतःच्याच ग्लायवित्स रेडिओ केंद्रावर हल्ल्याचं सोंग केलं. रशियातल्या कटीनच्या जंगलातलं प्रकरण त्याहून भयंकर. १९४० च्या वसंतात सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२ हजार पोलिश कैदी मारले, त्यात अधिकाऱ्यांचा भरणा. १९४३ मध्ये जर्मनांना कबरी सापडल्या, सोव्हिएतांनी खापर जर्मनांवरच फोडलं आणि १९९० पर्यंत तेच रेटलं. इथे एक सरकार पन्नास वर्षं धडधडीत खोटं बोललं. पण ते शाबीत कसं झालं ते बघ. मृतांच्या खिशांत पत्रं, डायऱ्या आणि वर्तमानपत्रं होती, आणि त्यांच्या तारखा १९४० च्या वसंतात थांबत होत्या. जर्मन फौजा त्या भागात पोचल्या १९४१ ला. खिशातल्या चिठोऱ्याने मॉस्कोला खोटं पाडलं. पुढे ५ मार्च १९४० चा सह्यांचा हुकूमच बाहेर आला. ग्लायवित्सचं तर, ज्याने ते केलं त्यानेच न्यूरेंबर्गच्या खटल्यासाठी प्रतिज्ञापत्र दिलं. कागद, खिसा, माणूस. खरा कट कधीतरी असल्या कुठल्यातरी वस्तूतून गळायला लागतो. "नाही असं सिद्ध कर" या युक्तिवादावर उघडकीला आलेला एकही कट मला आठवत नाही.

उलट खोट्या कथेची किंमत दुसऱ्यालाच भरावी लागते. १९१७ मध्ये ब्रिटिश पेपरांनी छापलं की जर्मन लोक सैनिकांची प्रेतं उकळून चरबी काढतात. मूळ जर्मन शब्द होता "काडावर", तो तिकडे मेलेल्या जनावराला वापरतात. १९२५ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये ती गोष्ट निराधार असल्याचं मान्य केलं. मग दुसऱ्या महायुद्धात ज्यूंच्या कत्तलींच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा पुष्कळ लोकांनी खांदे उडवले, "मागच्या वेळचं साबण-चरबीचं प्रकरण आठवतं ना?"

कटाला थेट पुरावा क्वचितच मिळतो हे आम्हीही मानतो. बंद दाराआड ठरवणारे पंचनामा करून ठेवत नाहीत. त्यासाठी परिस्थितीजन्य पुरावा चालतो, पण त्याची अट कडक आहे. पुण्याच्या शरद बिरदीचंद सारडा खटल्यात, १९८४ ला, सर्वोच्च न्यायालयाने पाच सूत्रं सांगितली. वकील मंडळी त्यांना पंचशील म्हणतात. त्यातलं कट्ट्याच्या कामाचं एवढंच: साखळीची प्रत्येक कडी आधी स्वतंत्रपणे शाबीत हवी, आणि सगळ्या कड्या जोडल्यावर आरोपाखेरीज दुसरा कुठलाच अर्थ निघता कामा नये. "असू शकतं" आणि "असलंच पाहिजे" यांमध्ये मोठं अंतर आहे, हे त्याच न्यायालयाने १९७३ मध्ये आणखी एका महाराष्ट्राच्याच खटल्यात, शिवाजी साहेबराव बोबडे, बजावलं होतं.

ही कसोटी पर्ल हार्बरला लावून बघ. ७ डिसेंबर १९४१ ला जपानी हल्ला झाला तेव्हा अमेरिकेच्या विमानवाहू नौका बंदरात नव्हत्या, म्हणजे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना आधीच माहीत होतं, अशी कथा आहे. कड्या मोज. लेक्सिंग्टन मिडवे बेटाला विमानं पोचवायला निघाली होती. साराटोगा सॅन दिएगोला. एंटरप्राइज वेक बेटाला विमानं देऊन ६ तारखेला परतायची होती, खराब हवेमुळे उशीर झाला. कट मानायचा तर वादळालाही कटात घ्यावं लागतं.

आपल्या मराठी माणसाला हे सगळं नवीन नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या शवाच्या ओळखीबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली. तेवढी फट पुरली. काही वर्षांत सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण "मीच भाऊ" म्हणत उभा राहिला. माधवरावांनी चौकशी करून त्याला कैदेत टाकलं, मारलं नाही. माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, राज्य डळमळलं, आणि १७७६ मध्ये तोच तोतया रत्नागिरीतून सुटून बाहेर आला. बघता बघता कोकणचा मोठा भाग त्याच्या मागे. किल्लेदार, शिपाई, शहाणीसुरती माणसं. शेवटी पकडला, पुण्यात पुन्हा पंचांसमोर चौकशी झाली आणि डिसेंबरात देहान्त. लोक इतके भोळे होते म्हणून हे झालं असं मी मानत नाही. पराभव एवढा मोठा होता की "भाऊ जिवंत आहेत" यावर विश्वास ठेवणं स्वस्त पडत होतं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर अखेरपर्यंत कुंकू पुसलं नाही.

तसलं कुंकू मी माझ्या ऑफिसात बघितलंय. १९८४-८५ ची गोष्ट. आपल्याच तालुक्यातली एक बाई आली. नवरा १९७१ च्या लढाईत पश्चिम सीमेवर बेपत्ता. फौजेने "मृत समजण्यात येत आहे" असा कागद दिलेला. दीर वाटणी देत नव्हता. त्याचं म्हणणं, भाऊ लाहोरच्या तुरुंगात जिवंत आहे, मेला असेल तर वहिनीने शाबीत करावं. हुशार माणूस. नवरा जिवंत तर वारसा कुठला? कायदा इथे फार नाजूक आहे. माणूस तीस वर्षांच्या आत जिवंत होता हे दिसलं तर तो मेला म्हणणाऱ्यावर ओझं, हे कलम १०७. पण ज्यांना त्याची खबर सहज लागली असती अशांना सात वर्षं काहीच कळलं नसेल, तर ओझं उलटतं आणि जिवंत म्हणणाऱ्यावर येतं, हे कलम १०८. अर्थात मेला एवढंच गृहीत धरता येतं, कधी मेला ते नाही. तेरा वर्षं झाली होती. ओझं दिराच्या डोक्यावर.

तो पिंजऱ्यात आला. मी विचारलं, जिवंत असल्याचं कुणी सांगितलं?

"पाकिस्तानातून सुटून आलेल्या एका शिपायानं."

"नाव?"

"आठवत नाही."

"कुठे भेटला?"

"लोंढ्याच्या स्टेशनात."

"मग घरी येऊन वहिनीला सांगितलंत?"

तो रेलिंगकडे बघत राहिला. न्यायाधीशांनी दोनदा विचारलं. भाऊ जिवंत असल्याची बातमी कळली आणि तो ती घरात बोललाच नव्हता. दावा आल्यावर ती बातमी जन्माला आली होती. तेव्हापासून मी कुठल्याही आवईला हा प्रश्न लावतो: सांगणाऱ्याला हे मनापासून खरं वाटत असतं, तर त्याने काय केलं असतं?

लगेच हेही सांगतो, नाहीतर मामा मला पकडतील. १९७१ च्या बेपत्ता लोकांचा प्रश्न म्हणजे कट्ट्यावरची वावडी नाही. पाकिस्तानच्या तुरुंगात असावेत असं आपलं सरकार ज्यांच्याबद्दल मानतं, अशा ५४ जणांची यादी आहे. पाकिस्तान कायम नाकारत आलंय. २००७ मध्ये काही नातेवाईक तिथले तुरुंग बघून आले, हाती काही लागलं नाही. तो प्रश्न तिसऱ्या खणात आहे आणि तिथेच ठेवून शोध चालू ठेवणं योग्य. दीर खोटा होता म्हणून बाकीच्या ५४ घरांचं दुःख खोटं होत नाही.

ती बाई प्रतिज्ञापत्रावर सही करायला आली तेव्हा तिने मला हळूच विचारलं होतं, "वकीलसाहेब, सही करताना कुंकू पुसाय लागतंय काय?" नाही म्हटलं. वाटणीची डिक्री घेऊन गेली, कपाळ तसंच.

शेवटचं, आणि हे आपल्या घराजवळचं. मे २०२५ मध्येच समाजमाध्यमावर एक पोस्ट फिरली की गोकाक तालुक्यातल्या कोन्नूरला, ऑपरेशन सिंदूरची माहिती पत्रकारांना देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांच्या सासरच्या घरावर हल्ला झाला. देशभर आग लागेल अशी बातमी. बेळगावच्या पोलीस अधीक्षकांनी तातडीने सांगितलं की असं काही घडलेलं नाही, आणि गुन्हा नोंदवला. इथे ती वस्तू पहिल्याच दिवशी नाशाबीतच्या खणात गेली, कारण घर कुठे आहे ते माहीत होतं आणि माणूस जाऊन बघून येऊ शकत होता. तू अशी पोस्ट पुढे ढकललीस तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ तुलाही लागू शकतं. "आलेलं तसं पाठवलं" हा बचाव फार लांब जात नाही.

आता मामांचं. कोर्टात दावा आला की न्यायाधीश आधी मुद्दे काढतात. एकेका ओळीत: "वादीने शाबीत केले आहे काय, की…" त्या "की" नंतर नेमकं काय लिहायचं यातच अर्धे दावे गारठतात. आज संध्याकाळी कट्ट्यावर कागद-पेन घेऊन जा. वाद घालू नकोस. मामांनाच त्यांचं म्हणणं एका वाक्यात लिहायला सांग, तारीख आणि ठिकाण घालून. नेताजी रशियात की फैजाबादला, एकच निवडा म्हणावं. विमानं किती, कुठे पडली, कुणी बघितली. ते रागावतील. मग त्यांच्या स्वतःच्या नोकरीबद्दल विचार, कुठल्या ठाण्यावर होता, कुठल्या साली, बरोबर कोण होतं. तिथे मात्र तू गप्प बस आणि लिहून घे, कारण तिथे ते स्वतः साक्षीदार आहेत.

पहिल्या कागदावर "की" नंतर काही उतरलंच, तर मला पाठव. मी वाचतो.